आणखी पंचेचाळीस दिवस

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोजणीदारांना एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं आणि त्यांच्या हातात एक बटण दिलं. नजर समोरच्या ठिपक्यावर ठेवायची आणि आजूबाजूला कुठंही प्रकाशाचा कण चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. मोजणीदार ताठ बसले. चाळीस वर्षं त्यांनी दुर्बिणीला डोळा लावून लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवल्या होत्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. यंत्रातले कण एकामागून एक चमकत होते, डावीकडे, उजवीकडे, वर. मागच्या स्टुलावर बसलेल्या जावयाला ते बाजूच्या पडद्यावर दिसत होते. बटणाचा आवाज मात्र क्वचितच येत होता.

तपासणी संपल्यावर मोजणीदार मागे वळून म्हणाले, "सोपं होतं की. फार थोडे दिवे होते."

जावयानं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. तो पेशानं पाळक होता, साठ-सत्तर घरांच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा. वाईट बातमी कशी सांगावी याची त्याला बरीच सवय होती, पण ही बातमी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली बरी असं त्याला वाटलं.

त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. "काचबिंदू आहे, आजोबा. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डाव्यात मधली नजर तेवढी शिल्लक आहे, नळीतून बघावं तशी. यात गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची असते. थेंबांनी डोळ्यातला दाब उतरत नाहीये. शस्त्रक्रिया करायला हवी, याच महिन्यात."

"दोन महिन्यांनंतरची तारीख द्या," मोजणीदार म्हणाले.

"दोन महिने थांबलात तर आहे तेही जाईल. तेव्हा काही काम आहे का?"

"आहे. जावईबापूंना ठाऊक आहे."

डॉक्टरीणबाईंनी पाळकाकडे पाहिलं. पाळकाला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

मोजणीदार पाळकाच्या घरापासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांत एकटे राहत. बायको गेल्यापासून लेकीनं कितीदा तरी बोलावलं, पण ते आले नाहीत. पुढच्या खोलीत खाट, टेबल, कोपऱ्यात घडी घातलेली दुर्बिणीची तिपाई आणि फळीवर दोरीनं बांधलेल्या मोजणीच्या वह्या. मागं भिंतीनं वेढलेलं छोटंसं अंगण. घरी आल्यावर त्यांनी चहाचं आधण ठेवलं, फळीवरची एक वही हातानं चाचपून काढली आणि जावयासमोर ठेवली.

वहीच्या पानापानावर पेन्सिलीनं आकडे होते. रोजचा एक आकडा, शेजारी तारीख आणि त्या दिवशीची हवा. ताज्या पानावरचे आकडे एकमेकांवर चढले होते, रेघेबाहेर गेले होते. शेवटचा आकडा होता एक हजार दोनशे एकोणतीस.

"पहिलं पान बघा," मोजणीदार म्हणाले.

पहिल्या पानावर तेव्हाच्या ठसठशीत अक्षरात एक तारीख होती. वार बुधवार. वेळ संध्याकाळी सहा चाळीस. खाली एक वाक्य: 'समजा, हीच ती खूण धरली, तर पुढं एक हजार दोनशे नव्वद दिवस.' आणि त्याखाली, कोण बोललं याची नोंद: 'जावईबापू.'

पाळकानं ती ओळ पुन्हा वाचली. हळूहळू त्याला सगळं आठवलं.

साडेतीन वर्षांपूर्वी मंडळीला ओहोटी लागली होती. बुधवारच्या शास्त्रवर्गाला कशीबशी नऊ डोकी जमत, त्यातली दोन पेंगत. तेव्हा त्यानं बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याचा विषय काढला. एका मोठ्या कागदावर तक्ता रंगवला. परक्या राजाला स्वप्नात दिसलेला पुतळा, सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय आणि खाली माती मिसळलेली पावलं. मग समुद्रातून वर येणारी चार श्वापदं. मग सत्तर सप्तकांचा हिशोब, एकेक सप्तक म्हणजे सात वर्षं. एकोणसत्तर सप्तकं उलटली, घड्याळ थांबलं, आता जगाच्या शेवटाआधीचं एकच सप्तक शिल्लक आहे आणि ते कधीही सुरू होईल, असं तो रंगवून सांगे. लोक तुटून पडले. नवाचे वीस झाले, विसाचे चाळीस. मागच्या खोलीतून बाकं आणावी लागली. पाळकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोला, त्याला ते फार आवडलं होतं.

दर वेळी तो बजावत असे की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. पण एका बुधवारी मागून कोणीतरी विचारलं, "पण मोजायचं ठरवलं तर कुठून मोजायचं?" नित्याची उपासना बंद पडेल तिथून शेवटापर्यंत एक हजार दोनशे नव्वद दिवस, असं संदेष्ट्याला सांगितलं गेलं होतं. त्याच आठवड्यात, लांबच्या एका देशातल्या जुन्या पवित्र जागी रविवारी रोजची प्रार्थना बंद पडल्याची चार ओळींची बातमी वर्तमानपत्रात आली होती. पाळकानं उदाहरणादाखल ती घेतली. समजा, हीच ती खूण धरली. बस्स, तेवढंच. पुढं विषय संपला, वर्ग पांगला, चाळिसाचे पुन्हा नऊ झाले. लोक विसरले. पाळकही विसरला.

एकच माणूस विसरला नाही.

"बाबा, ते मी उदाहरण म्हणून बोललो होतो. मी 'समजा' म्हणालो होतो. तुम्हीच लिहिलंय बघा."

"मोजणीत 'समजा' नसतं, जावईबापू. हद्दीचा दगड असतो, नाही तर नसतो. तुम्ही दगड ठेवलात, मी साखळी लावली." त्यांनी कपात चहा ओतला. नजर कपावर होती तरी थोडा बशीत सांडला. "एकसष्ट दिवस राहिलेत. आता डोळा कापताना आहे तीही नजर गेली, तर त्या दिवशी बघू काय? कपाळ?"

"त्या दिवशी काही झालं नाही तर?"

"मग दुसऱ्या दिवशी डोळा कापा. मी कुठं नाही म्हणतोय?"

यात चिडण्याजोगं काहीच नव्हतं, आणि तेच अवघड होतं. मोजणीदार डोळे गरगरा फिरवत नव्हते, रस्त्यावर उभे राहून ओरडत नव्हते. नीट जेवत होते, नीट झोपत होते, थेंब वेळेवर घालत होते. फक्त वाट बघत होते.

पाळकाच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. ती एका शाळेत ग्रंथपाल होती, आवाज चढवायची तिला सवय नव्हती.

"तुम्ही शिकवलंत ना? मग तुम्हीच पुसा," ती म्हणाली.

पाळकानं पुसायचा प्रयत्न केला. जाड पुस्तकं काखेत मारून तो रोज संध्याकाळी सासऱ्यांकडे जाऊ लागला. विद्वानांत याबद्दल एकवाक्यता नाही, हे त्यानं समजावून सांगितलं. कित्येकांच्या मते त्या दिवसांचा हिशोब कधीच पुरा झालाय. ख्रिस्तजन्माच्या दीडपावणेदोनशे वर्षं आधी एका राजानं मंदिर विटाळलं होतं, ते सारं त्याच्याबद्दल होतं, तेव्हाच्या छळलेल्या लोकांना धीर यावा म्हणून. काहींच्या मते हे आकडे आकडे नाहीतच, खुणा आहेत.

मोजणीदारांनी मन लावून ऐकलं. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. एका वाक्यात."

"बरोबर. माझ्याकडे आहे." त्यांनी वहीत बोट ठेवलं, खरंच होतं. "एका जमिनीचे दोन नकाशे निघाले ना जावईबापू, तर कचेरीत बसून भांडण मिटत नाही. जागेवर जाऊन उभं राहावं लागतं. मी जागेवर उभा आहे, बाकी काही नाही."

"घटका कोणालाच ठाऊक नाही असं प्रभूनं स्वतः सांगितलंय."

"घटका मी कुठं सांगतोय? सकाळी की संध्याकाळी, मला काय माहीत? म्हणून तर दिवसभर बसणार."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पाळकानं रविवारी, भर उपासनेत, सगळ्यांसमोर कबुली दिली. अमुक वर्षी मी भविष्याबद्दल जे शिकवलं त्यात उत्साहाच्या भरात मर्यादा ओलांडली, माझं चुकलं, कोणी त्यावर आयुष्याचा निर्णय घेऊ नये. उपासना संपल्यावर मंडळीचे चिटणीस त्याच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, कशाबद्दल बोलत होतात? आमच्या काही लक्षात आलं नाही."

पहिल्या बाकावरून मोजणीदार उठले. बाकाच्या कडेला हात लावत लावत त्याच्यापाशी आले. "तुमचंही बरोबर आहे," त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "पहाऱ्यावरचा माणूसही थकतो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. बायकोनं वडिलांचे पाय धरले, रडली, दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, माणूस नाही म्हणत असेल तर काय करता येतं? त्या म्हणाल्या, माणूस शुद्धीवर असेल, समजत असेल आणि नाही म्हणत असेल तर काही करता येत नाही. शेवटी त्यांनी एक हजार दोनशे नव्वदाव्या दिवसानंतर आठवडाभरानं येणारी तारीख राखून ठेवली. पाळकानं कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल पेनानं गोल काढला. निदान त्या दिवसानंतर तरी सुटका होईल, असं दोघांनाही वाटत होतं.

तो दिवस मंगळवारचा निघाला. पाळक सकाळी सातला पोचला, तेव्हा मोजणीदार दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून अंगणात बसले होते. गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. शेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली होती. पाळक तिच्यावर बसायला गेला.

"ती नको. आतून दुसरी आणा."

पाळकानं आतून दुसरी आणली. दोघं बसून राहिले. अंगणात ऊन आलं, भिंतीवरून खाली उतरलं, फरशीवर पसरलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. पलीकडच्या घरात कोणीतरी खिळे ठोकत होतं. दुपारी पाळकाची बायको डबा ठेवून आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून गेली. ती दाराबाहेर गेल्यावर मोजणीदार म्हणाले,

"तुम्ही शिकवलं होतंत, मातीत निजलेले पुष्कळ लोक उठतील."

"हो."

"पुष्कळ म्हणजे सगळे नाहीत. पण ती त्यात असेल. तिनं कोणाचं वाईट केलं नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "तिचा चेहरा आता मला फोटोतही दिसत नाही. फोटो जवळ धरला तर नाक दिसतं, मग डोळा दिसतो, सगळा एकदम नाही दिसत. म्हटलं, थोडी नजर आहे तोवर झालं तर बरं."

सासूबाई गेल्या त्यानंतर सहा महिन्यांनी तो वर्ग सुरू झाला होता. पाळकानंच त्यांना पुरलं होतं, आणि वर्गात पुतळे नि श्वापदं रंगवताना पहिल्या बाकावर कोण बसलंय, याचा त्यानं एकदाही विचार केला नव्हता. त्यानं सासऱ्यांचा हात हातात घेतला. त्यानं आजवर पुष्कळांना धीर दिला होता. इथं तो नुसता हात धरून बसला.

दिवस मावळला. मोजणीदारांनी आभाळाकडे बघत आणखी थोडा वेळ काढला, मग "चला" म्हणून उठले आणि ती तिसरी खुर्ची स्वतः उचलून आत नेली. घरी जाताना पाळकाला हायसं वाटलं. आणि मनात कुठंतरी बारीकसा हिरमोडही झाला होता. दिवसभर तोही भिंतीपलीकडे कान लावून बसला होता, हे त्यानं बायकोला सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी शस्त्रक्रियेसाठी सासऱ्यांना न्यायला तो गाडी घेऊन गेला. मोजणीदार तयार नव्हते. घरच्याच कपड्यांत टेबलाशी बसले होते, पुढ्यात वही.

"मला वाचता येत नाहीये. तुम्ही वाचा. चौथं पान, खाली," ते म्हणाले.

पाळकानं वाचलं. कोणीतरी वर्गात प्रश्न विचारला होता की एक हजार दोनशे नव्वद दिवसांनंतर लगेच एक हजार तीनशे पस्तीस दिवसांचं बोलणं का येतं. मधले पंचेचाळीस दिवस कशाला? त्यावर जावईबापूंनी दिलेलं उत्तर शब्दन् शब्द उतरवलेलं होतं. पंचेचाळीस दिवस धीराची परीक्षा आहेत, पहिल्या तारखेला काही दिसलं नाही म्हणून निघून जाणारे वेगळे आणि टिकून राहणारे वेगळे, धन्य ते टिकून राहणारेच.

त्या उत्तराला लोकांनी माना डोलावल्या होत्या. खरं तर त्या पंचेचाळीस दिवसांचं काय करायचं हे आजवर कोणालाच नीट सांगता आलेलं नाही, आणि पाळकालाही तेव्हा ठाऊक नव्हतं. प्रश्न आला, उत्तर द्यायला हवं होतं, दिलं.

"सात गेलेत," मोजणीदार म्हणाले. "अडतीस राहिले."

त्या दुपारी पाळकाच्या घरात पहिल्यांदा आवाज चढला.

"अडतीस दिवसांनी काय उरणार आहे?" बायको म्हणाली. "काल त्यांनी पाण्याचा पेला टेबलाच्या कडेपलीकडे ठेवला. सरळ खाली. आणि फुटल्यावर मला विचारतात, काय झालं?"

"मी काय करू? माझं ऐकत नाहीत ते."

"ऐकतात! तुमचंच तर ऐकतात! तुम्ही खरं सांगता तेवढं ऐकत नाहीत, बाकी सगळं ऐकतात." ती खाली बसली. मग शांतपणे, मन घट्ट करून म्हणाली, "त्यांना सांगा, हिशोब चुकला होता. खूण ती नव्हती, दुसरी होती. सात वर्षं अजून आहेत म्हणावं. तोवर डोळे पुरायला हवेत, नीट करून घ्या."

"हे खोटं आहे."

"आधीचं काय होतं?"

तीन दिवस पाळकानं विचार केला. चौथ्या दिवशी एका कागदावर नवा हिशोब मांडून तो सासऱ्यांकडे गेला. आयुष्यात मंडळीसमोर तो हजारदा बोलला असेल, पण त्या दिवशी तो दाराशीच बराच वेळ उभा राहिला. आत गेल्यावर मात्र तो ठामपणे बोलला. मी पुन्हा अभ्यास केला, बाबा. खूण चुकीची धरली होती. नवीन हिशोबानं अजून सात वर्षं आहेत.

"सात वर्षं?" मोजणीदार म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. शस्त्रक्रियेचं ऐकून, उजवा डोळा गेल्याचं ऐकून, तो मंगळवार कोरडा गेल्यावरसुद्धा जो उतरला नव्हता, तो आता उतरला. आपण या माणसाला डोळ्याच्या बदल्यात सात वर्षांचा एकांत देतोय, हे पाळकाला तेव्हा दिसलं.

"नवीन दगड कुठला?" मोजणीदारांनी विचारलं.

पाळकानं एक घटना सांगितली.

"तारीख?"

त्यानं तारीख सांगितली.

"त्या दिवशी नित्याची उपासना बंद पडली? कुठली?"

पाळक अडखळला. एक सांगितलं, मग ते फिरवून दुसरं सांगितलं. मोजणीदारांनी त्याला बोलू दिलं. शेतकऱ्यांपासून कारखानदारांपर्यंत हद्दीबद्दल खोटं बोलणारी माणसं त्यांनी चाळीस वर्षं ऐकली होती.

"लेकीनं पाठवलं ना?"

पाळकानं हातातला कागद खाली ठेवला.

"जावईबापू, 'समजा' म्हणालात तेव्हा तुम्ही खरं बोलत होतात. आज छातीठोक बोलताय, म्हणजे खोटं बोलताय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माझ्या डोळ्यासाठी तुम्ही शास्त्र वाकवू नका. डोळा माझा एकट्याचा आहे. शास्त्र तसं नाही."

पाळकानं तो कागद घडी करून खिशात घातला. घरी आल्यावर बायकोनं फक्त त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

त्यानंतर करण्यासारखं काही राहिलं नाही. हात टेकले म्हणतात ते हेच. दिवस जात होते, आणि लेक रोज सकाळी वडिलांकडे जाऊन त्यांच्या सांगण्यावरून वहीत आकडा लिहीत होती, कारण त्यांना आता पेन्सिलीचं टोक दिसत नव्हतं. ज्या मोजणीनं तिच्या बापाचे डोळे नेले, तीच तिला स्वतःच्या अक्षरात पुढं न्यावी लागत होती. हवा काय लिहू, असं ती विचारायची. ते म्हणायचे, तूच सांग.

एक हजार तीनशे पस्तिसावा दिवस शुक्रवारी आला. या वेळी तीही सुट्टी घेऊन आली. तिनंच वडिलांची दाढी केली, तिनंच चार खुर्च्या अंगणात मांडल्या. चौथी तिनं न विचारता मांडली आणि स्वतःच्या खुर्चीशेजारी सरकवून घेतली.

सकाळ गेली. दुपारी मोजणीदारांनी थोडंसं खाल्लं. ऊन समोरच्या भिंतीवर लख्ख पडलं होतं, इतकं की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. मोजणीदारांचं तोंड त्या भिंतीकडेच होतं.

"अंधारून आलं का गं?" त्यांनी विचारलं.

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "अजून चारसुद्धा वाजले नाहीत."

"ढग असतील."

"ढग नाहीत, बाबा. ऊन आहे."

मोजणीदारांनी हात पुढं केला. उन्हात तो पालथा केला, उताणा केला, ऊब लागली तशी बोटं हळूहळू मिटली. "आहे खरं," ते म्हणाले. लेक उठली. बापाच्या पायाशी फरशीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, संध्याकाळ खरोखर होईपर्यंत.

चार दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. मोजणीदारांनी कसलीही खळखळ केली नाही. डॉक्टरीणबाईंनीही एका शब्दानं टोचलं नाही, आणि त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं पाळकाला वाटलं. दाब उतरला. नजर आली नाही. दिवा लावला की लावल्याचं कळतं, विझवला की विझवल्याचं. मधलं काही नाही.

मोजणीदार आता लेकीकडे राहायला आले. पाळकानं मंडळीच्या समितीपुढं राजीनामा ठेवला. समितीतल्या पाचही जणांनी तो वाचला आणि एकमेकांकडे पाहिलं. चिटणीस म्हणाले, "मोजणीदारांना काचबिंदू झाला, त्यात तुमचा काय दोष? वय झालं की होतं. थोडी विश्रांती घ्या हवं तर." त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. जितकं समजावलं तितके ते जास्त प्रेमानं बोलायला लागले. शेवटी त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि राजीनामा त्याच्याच हातात परत दिला.

घरी बायको त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. कधी कधी तो मनाशी ठरवे की आज तिची माफी मागायची. मग ती समोर आली की कशाकशाची मागायची, हे त्याला ठरवता येत नसे.

मोजणीदार स्वतः कधी त्या दिवसांबद्दल बोलले नाहीत. एकदाच, जेवताना, त्यांनी विचारलं, "त्या संदेष्ट्याला तरी सगळं कळलं होतं का हो?"

"नाही," पाळक म्हणाला. "त्यानं ऐकलं, पण त्याला कळलं नाही. तसं त्यानंच सांगून ठेवलंय. त्यानं विचारलं, तर त्याला एवढंच सांगण्यात आलं की तू आपल्या वाटेनं जा."

मोजणीदारांचा घास हातातच राहिला. "हे तुम्ही शिकवलं नव्हतंत."

"नाही, बाबा."

"का?"

पाळकानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्या बुधवारी वेळ संपला होता, की ते वाक्य सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं? त्याला आठवेना, आणि आता निदान यांच्याशी तरी अंदाजानं काही बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मोजणीदारांनी मान हलवली आणि ताटात बोटांनी चाचपून पुढचा घास शोधू लागले. लेकीनं वाटी त्यांच्या हाताजवळ सरकवली. आठ वाजायला आले होते. पाळकानं उठून हात धुतले, फळीवरची थेंबांची बाटली घेतली आणि त्यांचं जेवण होण्याची वाट बघत खुर्चीच्या मागं उभा राहिला.